विमान कोणाच्या पैशाने उडतं?

ऑक्टोबर २०१९ मध्ये अमेरिकेने स्कॉटलंडच्या सिंगल माल्ट व्हिस्कीवर, फ्रान्सच्या वाइनवर, स्पेनच्या ऑलिव्हवर आणि युरोपातल्या कितीतरी प्रकारच्या चीजवर २५ टक्के जादा आयातशुल्क लावलं. यांतल्या कोणीच काही आगळीक केली नव्हती. भांडण होतं प्रवासी विमानांचं, आणि ज्यांच्यावरून ते पेटलं त्या एअरबसच्या विमानांवर शुल्क बसलं फक्त १० टक्के. इटलीतले पार्मेसान चीजवाले चडफडले ते वेगळ्याच कारणाने. इटली एअरबसच्या भागीदार देशांत मुळी नाहीच. उलट तिथल्या कारखान्यांत बोइंगच्या ७८७ विमानाच्या धडाचे तुकडे तयार होतात. पुढच्या वर्षी युरोपने परतफेड केली. बोइंगच्या विमानांबरोबर अमेरिकी ट्रॅक्टर आणि रमही महागली.

जागतिक व्यापार संघटनेत हा खटला २००४ पासून चालू होता. एअरबसला युरोपातली सरकारं फुकटात पोसतात, ही अमेरिकेची तक्रार. बोइंगला ‘नासा’ची संशोधनं, लष्कराची कंत्राटं आणि राज्य सरकारांच्या करसवलती पोसतात, ही युरोपची उलट तक्रार. पंधरा वर्षं हजारो पानांचे निवाडे झाले आणि दोघंही दोषी ठरले. अमेरिकेला वर्षाला सुमारे ७.५ अब्ज डॉलरच्या मालावर शुल्क लावायची मुभा मिळाली, युरोपला सुमारे ४ अब्ज डॉलरच्या. जून २०२१ मध्ये दोघांनी पाच वर्षांचा तह केला आणि चीजवाले सुटले.

त्या निवाड्यांत एक गोष्ट मान्यच झाली होती, फक्त ती तशी म्हणायला कोणी तयार नव्हतं. नवं प्रवासी विमान स्वतःच्या पैशाने कोणीच बनवत नाही. कधी पैसा सरकारचा असतो, कधी गिऱ्हाइकाचा, कधी सुटे भाग बनवणाऱ्यांचा, तर कधी कंपनीच्या स्वतःच्याच भविष्यातल्या नफ्याचा, आज कागदावर दाखवलेला. यात नैतिक काय आणि अनैतिक काय, या वादात मला फारसा रस नाही. मला लक्षात येतं ते दुसरंच. पैसा ज्या खिशातून येतो, त्याचा ठसा विमानावर उमटतो. पंख कुठे बनले, तारा कुठे तोकड्या पडल्या, जुन्याच सांगाड्याला नवं इंजिन का लटकवलं गेलं, या प्रश्नांची उत्तरं अभियंत्यांपेक्षा आधी हिशेबनिसांकडे सापडतात.

आधी खर्चाचा अंदाज घेऊ. पूर्णपणे नवं मोठं विमान काढायचं तर आज दहा-पंधरा अब्ज डॉलर सहज लागतात, आणि पहिलं विमान गिऱ्हाइकाच्या ताब्यात जायला सात-आठ वर्षं. तोवर मिळकत शून्य. त्यानंतरही पहिली कित्येक विमानं तोट्यातच विकावी लागतात, कारण कामगारांचा हात बसलेला नसतो. टी. पी. राइट या अमेरिकी अभियंत्याने १९३६ मध्येच हे मोजून ठेवलं होतं. उत्पादन दुप्पट झालं की दर विमानामागची मजुरी साधारण वीस टक्क्यांनी उतरते. म्हणजे शंभरावं विमान पहिल्याच्या मानाने फार स्वस्तात बनतं, पण शंभरापर्यंत पोचेतो तग धरायचा असतो. तग कोणाच्या जिवावर, एवढाच काय तो प्रश्न.

बोइंगने १९५२ मध्ये आपल्या खिशातून १ कोटी ६० लाख डॉलर घालून एक प्रायोगिक जेट बनवायला घेतलं. कंपनीच्या दंतकथेत हा शौर्याचा क्षण आहे, आणि तो तसा होताही. मात्र त्याच आराखड्यावर आधी विकलं गेलं ते हवाई दलाला लागणारं, हवेतल्या हवेत इंधन भरणारं केसी-१३५. प्रवासी ७०७ त्याच्या पाठोपाठ आलं. कारखाना, यंत्रं, कामगारांचा अनुभव हे सगळं लष्कराच्या ऑर्डरींवर उभं राहिलं होतं. एअर इंडियाने १९६० मध्ये ७०७ घेऊन जेटयुगात पाऊल टाकलं तेव्हा तिच्या तिकिटाच्या पैशात अमेरिकेच्या संरक्षण खात्याचाही अदृश्य वाटा होता.

७४७ ची गोष्ट याहून धाडसी. एप्रिल १९६६ मध्ये पॅन ॲमच्या हुआन ट्रिपने पंचवीस विमानांची ५२ कोटी ५० लाख डॉलरची ऑर्डर दिली, आणि बोइंगच्या बिल ॲलनने कागदावरच्या विमानासाठी सिएटलजवळ एव्हरेटला जंगल तोडून जगातला सगळ्यात मोठा कारखाना बांधायला घेतला. यातला बराच पैसा गिऱ्हाइकांच्या आगाऊ हप्त्यांचा आणि बँकांच्या कर्जाचा. या धंद्याची ही रीत आजही बदललेली नाही. ऑर्डर देताना इसार, मग विमान तयार होईतो ठरलेल्या मुदतीला हप्ते, आणि मोठी रक्कम ताबा घेताना. पायाचा खड्डा खणायच्या आधी फ्लॅटचं बुकिंग घेणाऱ्या ठाण्या-पुण्याच्या बिल्डरहून हे फार वेगळं नाही. फक्त इथे इमारतीला उडून दाखवावं लागतं.

उडण्यातच घोळ झाला. प्रॅट अँड व्हिटनीची इंजिनं वेळेत तयार होईनात. पंखांना इंजिनांऐवजी काँक्रीटचे ठोकळे लटकवून, तोल राखून, कोट्यवधींची विमानं एव्हरेटच्या आवारात ओळीने उभी राहिली. ताबा नाही म्हणजे शेवटची मोठी रक्कम नाही. त्यातच अमेरिकेत मंदी आली आणि वर्षभराहून अधिक काळ तिथल्या एकाही विमान कंपनीने बोइंगकडे नवी ऑर्डर नोंदवली नाही. सिएटल परिसरातले बोइंगचे कामगार लाखाच्या घरातून चाळीस हजारांच्या खाली आले. एप्रिल १९७१ मध्ये विमानतळाजवळ एक फलक झळकला: सिएटल सोडून जाणाऱ्या शेवटच्या माणसाने कृपया दिवे मालवावेत. त्याच एप्रिलमध्ये एअर इंडियाचं पहिलं ७४७, ‘एम्परर अशोका’, मुंबईत उतरलं. इथे जल्लोष आणि तिथे बेकारीच्या रांगा. बोइंग तरली ती कशीबशी. पण तरली म्हणून पुढची कित्येक वर्षं लांब पल्ल्याच्या मोठ्या विमानात तिला जोड उरली नाही, आणि त्या मक्तेदारीने सगळे हप्ते फेडून टाकले.

लॉकहीडचं नशीब इतकं चांगलं नव्हतं. तिच्या ट्रायस्टार विमानाचं इंजिन रोल्स-रॉइस बनवत होती. त्या इंजिनाच्या पंख्याची पाती कार्बन तंतूंची करायची ठरली होती. पक्षी धडकल्यावर काय होतं हे पाहायला कोंबडी फेकून मारतात. त्या चाचणीत पाती फुटली. खर्च हाताबाहेर गेला आणि ४ फेब्रुवारी १९७१ रोजी रोल्स-रॉइस दिवाळखोरीत गेली. एडवर्ड हीथ यांच्या हुजूर पक्षाच्या सरकारला, म्हणजे खासगी उद्योगाचा कैवार घेणाऱ्यांना, ती सरकारजमा करावी लागली. इंजिन नाही तर विमान नाही, म्हणून लॉकहीडही बुडायला आली. तिला अमेरिकी सरकारने २५ कोटी डॉलरची कर्जहमी दिली, तीही सिनेटमध्ये ४९ विरुद्ध ४८ मतांनी. एका मताने वाचलेलं हे विमान तांत्रिकदृष्ट्या उत्तम होतं, पण मॅक्डोनेल डग्लसचं डीसी-१० त्याच गिऱ्हाइकामागे धावत होतं. बाजारात एकाची जागा होती, शिरले दोघं. लॉकहीडने २५० विमानं बनवून प्रवासी विमानांचा धंदाच सोडला. मॅक्डोनेल डग्लस १९९७ मध्ये बोइंगच्या पोटात गेली.

युरोपने हे सगळं पाहिलं होतं, आणि स्वतःचे हातही पोळून घेतले होते. ब्रिटन-फ्रान्सच्या काँकॉर्डने नेमाने प्रवासी नेले ते जेमतेम चौदा विमानांनी, आणि तीही दोन्ही देशांच्या स्वतःच्याच कंपन्यांत. म्हणून १९६९ मध्ये फ्रान्स आणि पश्चिम जर्मनीने ए३०० चा करार केला तो निव्वळ हिशेबी बुद्धीने. या करारातून जी पद्धत रुजली तिला लाँच एड म्हणतात. विमानाच्या विकासाचा खर्च सरकार कर्जाऊ देतं, पण ठरावीक हप्त्याने फेडायचा करार नसतो. विकल्या गेलेल्या दर विमानामागे काही रक्कम सरकारला जाते. विमान धडाधड खपलं तर सरकार मुद्दल, व्याज आणि वर रॉयल्टीही घेतं. विमान पडून राहिलं तर पैसे बुडीत. बँक असलं कर्ज देणार नाही, आणि खटल्याचा सगळा रोख याच मुद्द्यावर होता.

सुरुवातीला बुडण्याचीच चिन्हं होती. ए३०० ला वर्षभराहून अधिक काळ जवळपास एकही ऑर्डर आली नाही, आणि शेपटीवर कोणाचंच चिन्ह नसलेली पांढरी विमानं तुलूजला उभी होती. खासगी कंपनी असती तर तिथेच संपली असती. १९७७ मध्ये एअरबसने चार विमानं ईस्टर्न एअरलाइन्सला सहा महिने वापरून बघायला फुकट दिली. ईस्टर्नचे प्रमुख फ्रँक बोर्मन, चंद्राला प्रदक्षिणा घालून आलेले अंतराळवीर, इंधनाचं बिल पाहून खूश झाले आणि १९७८ मध्ये तेवीस विमानांची ऑर्डर आली. अमेरिकेचं दार उघडलं ते असं. (इंडियन एअरलाइन्सने त्याच्या आधीच, १९७६ मध्ये, ए३०० उडवायला सुरुवात केली होती. ज्यांना गिऱ्हाईक मिळत नव्हतं त्यांचं गिऱ्हाईक होणाऱ्यांत आपण होतो, हे आपल्याकडे फारसं आठवत नाही.)

लाँच एडची सगळ्यात चांगली बाजू पाहायची तर ए३२० पाहावं. १९८४ मध्ये ब्रिटनने या विमानाच्या पंखांसाठी २५ कोटी पौंड दिले. पंतप्रधान होत्या मार्गारेट थॅचर, ज्यांनी सरकारी कंपन्या एकामागून एक विकून टाकल्या! तो पैसा परत आला, आणि वर रॉयल्टीही येत राहिली. ए३२० कुटुंबाची बारा हजारांहून अधिक विमानं आजवर गिऱ्हाइकांकडे पोचली आहेत. २०२५ मध्ये त्याने बोइंगच्या ७३७ लाही मागे टाकलं. १९९२ मध्ये अमेरिका आणि युरोपने आपसात ठरवलं की थेट सरकारी मदत विकासखर्चाच्या ३३ टक्क्यांपुढे जाऊ नये आणि ती १७ वर्षांत फिटावी. एअरबस दुबळी होती तोवर अमेरिकेला हे चाललं. ती बरोबरीला आल्यावर, ऑक्टोबर २००४ मध्ये, अमेरिकेने करार मोडला आणि खटला भरला.

त्याच सुमारास दोन विमानं घडत होती, आणि या विषयात त्यांच्याइतकं बोलकं उदाहरण नाही.

एअरबसचं ए३८० डिसेंबर २००० मध्ये जाहीर झालं. पैसा चार सरकारांचा, म्हणून काम चार देशांत. पंख वेल्समधल्या ब्रॉटनला, धडाचे मोठे भाग हॅम्बुर्गला, शेपटीकडचे स्पेनमध्ये, जुळणी फ्रान्समध्ये तुलूजला. हे भाग विमानात मावत नव्हते, म्हणून ते बोटीने बोर्दोजवळ यायचे, तिथून नदीतल्या तराफ्याने आणि शेवटी रस्त्याने. त्यासाठी लाँगोनपासून तुलूजपर्यंत खास मार्ग तयार केला गेला. लेविन्याक नावाच्या छोट्या गावातून हा काफिला रात्री जायचा. विमानाचं धड दोन्ही बाजूंच्या घरांच्या खिडक्यांना जेमतेम चुकवत, माणूस चालतो त्या वेगाने. लोक खुर्च्या टाकून बघत बसायचे.

बघण्यासारखं होतंच, पण खरा तिढा त्या धडाच्या आत होता. हॅम्बुर्गचे अभियंते आराखड्यासाठी कॅटिया या संगणकप्रणालीची जुनी, चौथी आवृत्ती वापरत होते, तुलूजचे नवी, पाचवी. दर विमानात सुमारे ५३० किलोमीटर तारा. हॅम्बुर्गहून आलेल्या तारांच्या जुड्या तुलूजला धडात बसवायला घेतल्या तर वळणावळणांवर तोकड्या पडायला लागल्या. शेकडो जर्मन कामगार तुलूजला येऊन हाताने तारा ओढत बसले. जून २००६ मध्ये विलंब जाहीर झाला आणि मूळ कंपनीचा शेअर एका दिवसात २६ टक्क्यांनी कोसळला. एका प्रणालीवर यायचं तर एका देशाने दुसऱ्याचं ऐकायला हवं होतं, आणि प्रत्येक जण आपापल्या सरकारचा पैसा घेऊन आलेला. विमान अखेर उडालं, प्रवाशांचं लाडकंही झालं, पण खपलं फक्त २५१. उत्पादन २०२१ मध्ये थांबलं. दर विमानामागे फिटायचं होतं ते कर्ज विमानंच नसल्यावर कसलं फिटणार?

बोइंगने नेमकी उलटी वाट धरली. सरकारकडे हात पसरायचा नाही, भागधारकांचाही पैसा कमी अडकवायचा. २००४ मध्ये जाहीर झालेल्या ७८७ चा विकास पुरवठादारांनीच आपल्या खर्चाने करावा, असं ठरलं. मित्सुबिशीला पंख, कावासाकी-फुजीला धडाचे आणि मधल्या सांगाड्याचे भाग, इटलीच्या अलेनियाला धड आणि शेपटीकडचे पंख. बोइंगने यापूर्वी कधी आपल्या विमानाचा पंख बाहेर दिला नव्हता. आणि जपानी कंपन्यांच्या मागे जपान सरकारची मदत होतीच. म्हणजे सरकारी पैसा आला, फक्त लांबून फिरून आला. बोइंगमधल्याच एल. जे. हार्ट-स्मिथ या अभियंत्याने २००१ मध्ये एका निबंधात बजावलं होतं की सगळं बाहेर दिलं की नफाही बाहेर जातो, आणि शेवटी जुळणी करणाऱ्याच्या पदरात सगळ्यांच्या चुका निस्तरण्याचा खर्च पडतो. निबंध बराच गाजला, पण कोणी ऐकलं नाही.

८ जुलै २००७. अमेरिकी पद्धतीने तारीख लिहिली की ७/८/०७, म्हणून हा मुहूर्त. एव्हरेटला हजारो लोकांसमोर ७८७ चं अनावरण झालं. विमान देखणं होतं, आणि आतून पोकळ. पुरवठादारांचे भाग अर्धवट आले होते. योग्य रिव्हेट-बोल्ट मिळत नसल्याने तात्पुरते ठोकले होते. काही तर साध्या हार्डवेअरच्या दुकानातून आणल्याचं नंतर छापून आलं. सोहळा संपल्यावर हे बोल्ट काढून पुन्हा जोडणी करावी लागली. त्याच वर्षी व्हायचं पहिलं उड्डाण झालं डिसेंबर २००९ मध्ये. पहिलं विमान ताब्यात गेलं सप्टेंबर २०११ मध्ये. मधल्या काळात बोइंगला साउथ कॅरोलिनातला एका पुरवठादाराचा कारखानाच विकत घ्यावा लागला, कारण त्याला हा भार झेपेना.

इथे बोइंगचा हिशेबही पाहण्यासारखा आहे. अमेरिकी नियमांप्रमाणे विमान बनवणारी कंपनी एकेका विमानाचा नफातोटा न मांडता संपूर्ण मालिकेचा सरासरीने मांडू शकते. पहिली विमानं ज्या किमतीला विकली त्याच्या कितीतरी पट खर्चाने बनली, तरी तो तोटा त्या वर्षी दाखवायचा नाही. आणखी हजारभर विमानं विकली जातील असं गृहीत धरून तो पुढे ढकलायचा आणि ताळेबंदात मालमत्ता म्हणून लिहायचा. ७८७ च्या बाबतीत ही ‘मालमत्ता’ २८ अब्ज डॉलरच्या पुढे गेली होती. विमानं खपली, म्हणून आकडा हळूहळू उतरला. एअरबसवर सरकारकडून उसने घेतल्याचा ठपका आला. बोइंगने स्वतःच्याच उद्याकडून उसने घेतले, आणि त्यावर कोणी खटला भरला नाही.

बोइंग सरकारकडे गेलीच नाही असंही नाही. २०१३ मध्ये ७७७एक्स कुठे बनवायचं हे ठरायच्या आत वॉशिंग्टन राज्याने विधिमंडळाचं खास अधिवेशन घेऊन ८.७ अब्ज डॉलरची करसवलत २०४० पर्यंत वाढवून दिली. अमेरिकेतल्या कुठल्याही राज्याने एका कंपनीला दिलेली तोवरची ही सगळ्यात मोठी सवलत. ते विमान आजही पहिल्या गिऱ्हाइकाच्या वाटेवर आहे. ताबा २०२७ मध्ये, असं कंपनी आता म्हणते.

७८७ ने पोळलेल्या बोइंगला लहान विमानाचा नवा आराखडा काढायची हौस उरली नव्हती. एअरबसने डिसेंबर २०१० मध्ये ए३२० ला नवी, इंधन वाचवणारी इंजिनं बसवून ‘निओ’ आणायचं ठरवलं. पूर्ण नव्या विमानाच्या मानाने हा खर्च किरकोळ. जानेवारी २०११ मध्ये इंडिगोने १८० विमानांचा करार केला, त्यातली १५० निओ. त्या घडीला प्रवासी जेटची ती सगळ्यात मोठी ऑर्डर होती. जुलैमध्ये अमेरिकन एअरलाइन्सही, जी पिढ्यान्‌पिढ्या बोइंगची, एअरबसकडे गेली. पुढच्याच महिन्यात बोइंगने १९६७ पासून उडत असलेल्या ७३७ ला नवं इंजिन लावून ७३७ मॅक्स जाहीर केलं.

जुनं ७३७ जमिनीपासून बुटकं. नवं इंजिन मोठं, म्हणून ते पुढे आणि वर सरकवावं लागलं, आणि काही प्रसंगी विमानाचं नाक वर जायला लागलं. ते दाबायला एक संगणकप्रणाली घातली, एमकॅस. तीही एकाच संवेदकावर विसंबून. वैमानिकांना तिची फारशी कल्पना दिली नाही, कारण विकताना मुद्दाच हा होता की जुनं ७३७ चालवणाऱ्याला सिम्युलेटरवर वेगळं प्रशिक्षण लागणार नाही. साउथवेस्टशी तर बोइंगचा करारच होता की असं प्रशिक्षण लागलं तर दर विमानामागे दहा लाख डॉलर सूट. कराराचं हे एक कलम अभियंत्यांच्या खांद्यावर किती जड बसलं असेल! मॅक्स विमानं कोसळून ऑक्टोबर २०१८ मध्ये इंडोनेशियात १८९ आणि मार्च २०१९ मध्ये इथिओपियात १५७ माणसं गेली. २०१३ ते २०१९ या काळात बोइंगने स्वतःचेच शेअर विकत घेण्यावर सुमारे ४३ अब्ज डॉलर खर्च केले होते. त्या रकमेत दोन तरी नवी विमानं सहज आली असती. पैसा नव्हता, असं कोणी म्हणू नये.

या दोघांच्या मधे तिसरा शिरला की काय होतं ते बंबार्डियेने दाखवलं. कॅनडाच्या या कंपनीने १०० ते १५० आसनांचं सी सिरीज विमान खरोखर कोऱ्या कागदावरून काढलं आणि सहा अब्ज डॉलरच्या आसपास घालवले. क्वेबेक प्रांताने एक अब्ज डॉलर घालून प्रकल्पात जवळपास निम्मी भागी घेतली. डेल्टाने ७५ विमानांची ऑर्डर दिल्यावर बोइंगने तक्रार केली, आणि अमेरिकी व्यापार खात्याने सुमारे ३०० टक्के शुल्क सुचवलं. घाबरलेल्या बंबार्डियेने प्रकल्पाची निम्म्याहून थोडी जास्त मालकी एअरबसला एक पैसाही न घेता देऊन टाकली. जानेवारी २०१८ मध्ये अमेरिकेच्याच व्यापार आयोगाने चार विरुद्ध शून्य मतांनी बोइंगचा दावा फेटाळला, पण तोवर विमान हातचं गेलं होतं. आज ते ए२२० या नावाने विकलं जातं. बोइंगने एका दुबळ्या प्रतिस्पर्ध्याला मारायला जाऊन बलवान प्रतिस्पर्ध्याच्या हाती आयतं विमान दिलं.

जपानच्या मित्सुबिशीने स्वतःचं प्रादेशिक जेट काढायला सुमारे एक लाख कोटी येन घालून २०२३ मध्ये प्रकल्प गुंडाळला. चीनची गोष्ट निराळी. शांघायच्या ‘कोमॅक’चं सी९१९ मे २०२३ पासून प्रवासी नेतं आहे. तिथे पैसा कोणाचा हा प्रश्नच गैरलागू, कारण कंपनी, बँक, गिऱ्हाईक आणि परवाना देणारा, सगळं एकाच घरचं. इंजिन मात्र अमेरिकी-फ्रेंच आहे, आणि वॉशिंग्टनची मर्जी फिरली की ते अडू शकतं. २०२१ च्या तहामागे अमेरिका आणि युरोपला एकमेकांवरचं प्रेम आठवलं नव्हतं. दोघांनाही शांघाय दिसायला लागलं होतं.

आणि आपण? कानपूरला एकेकाळी ॲव्हरो ७४८ बनायची. बंगळुरूच्या राष्ट्रीय प्रयोगशाळेचं छोटं ‘सरस’ विमान २००४ मध्ये उडालं, २००९ च्या अपघातात तिघं गेले आणि प्रकल्प रखडला. गिऱ्हाईक म्हणून मात्र आपण महत्त्वाचे. बोइंगला एअर इंडियाच्या २००६ च्या ऑर्डरपोटी नागपूरच्या मिहानमध्ये विमान देखभालीचं केंद्र उभारावं लागलं, आणि त्याच मिहानमध्ये टाटांच्या कारखान्यात ७८७ च्या प्रवासी-मजल्याखालच्या कार्बनच्या तुळया बनू लागल्या. विक्रोळीत गोदरेज जेट इंजिनांचे भाग बनवतं. कामं मोलाची आहेत, पण जोखमीची नाहीत. कागदावरच्या विमानात भांडवल गुंतवून पंधरा वर्षं थांबणारं आपल्याकडे अजून कोणी नाही, ना सरकार ना उद्योगपती.

आता पुढचं विमान. बोइंगवर ५० अब्ज डॉलरच्या वर कर्ज साचलं. २०२४ च्या अखेरीस त्रेपन्न दिवसांचा संप झाला आणि त्याच काळात तिने शेअर विकून वीस अब्ज डॉलरच्या वर उभे केले. संप मिटवताना कामगार संघटनेने एक गोष्ट पदरात पाडून घेतली: कराराच्या चार वर्षांत नवं विमान जाहीर झालं तर ते सिएटल परिसरातच बनेल. एअरबसच्या हाताशी दहा अब्ज युरोहून अधिक शिल्लक आहे, पण घाई तिलाही नाही. दशकाअखेर नवा आराखडा पक्का करू आणि २०३५ नंतर ते आकाशात येईल, असं ती सांगते. यामागे तांत्रिक कारणं आहेत. उघड्या पंख्याचं नवं इंजिन अजून चाचण्यांत आहे. पण मोठं कारण हिशेबाचंच. सात हजारांहून अधिक निओ अजून बनवून द्यायची आहेत. नवं विमान जाहीर केलं त्या दिवशी त्या प्रत्येक करारावर गिऱ्हाईक सूट मागायला येणार, आणि जुन्याच्या हप्त्यांवर नव्याचा खर्च भागवायचा आहे. जून २०२३ मध्ये इंडिगोने आणखी ५०० एअरबस मागवल्या. त्या मिळणार आहेत २०३० ते २०३५ मध्ये, आणि त्यांचा इसार भरून झाला आहे.